यमुनाबाईनं कोणतं विमान धरलं

सौंसरच्या संत्रा मंडीत यमुनाबाई ढोकेची बसायची जागा ठरलेली होती. फळं निवडणाऱ्या बाया रांगेनं बसत. पुढ्यात संत्र्यांचा ढीग, एका अंगाला तणसाचे भारे, दुसऱ्या अंगाला लाकडी पेट्या. त्या रांगेच्या अगदी टोकाला, मागच्या कुंपणाला खेटून यमुनाबाई बसायची. तिथं दुपारचं ऊन थेट टाळूवर यायचं. मुकादमानं दोन-तीनदा सावलीत बोलावून पाहिलं, पण ती काही हलली नाही.

"काय व यमुनाबाई, तुले सावली चावते काय?" लीलाबाईनं एकदा विचारलं. लीलाबाई म्हणजे मंडीतली सगळ्यात बोलकी बाई.

"मले उनाची सवय हाय. तू बस सावलीत. तुह्या गोऱ्या रंगाले जप."

लीलाबाईचा रंग चुलीवरच्या तव्याशी पैज लावणारा. सगळी रांग खो खो हसली, लीलाबाईही हसली. यमुनाबाई तेवढी हसली नाही. ओठ मिटून, मांड्या आवळून तिनं पुढचं संत्रं उचललं आणि डाग आहे का ते पाहू लागली.

मंडीत तिला कडक बाई म्हणत. दुसऱ्याला हसवते अन् आपण हसत नाही. लग्नाला बोलावलं तर येत नाही. दसऱ्याला सगळा मोहल्ला ट्रकात बसून नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, तेव्हा ही एकटी घरी राहते आणि दिवा लावून वंदना म्हणते. "लय अकड हाय बाईले," असं बाया म्हणत. पोरगा विमानाच्या नोकरीत लागला तेव्हापासून तिला जमीन दिसत नाही, असंही कोणी कोणी म्हणे.

अकडीचा त्यात काही संबंध नव्हता. यमुनाबाईची लघवी धरत नव्हती.

सात बाळंतपणं झाली. जगली दोन, थोरली मंगला आणि धाकटा अनिल. दर वेळी बाराव्या-तेराव्या दिवशी पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून ती कापूस वेचायला गेली, कारण वेचणी काही बाळंतिणीसाठी थांबत नाही. शेवटच्या खेपेला अंग सैल पडलं ते पडलंच. खोकला आला, शिंक आली, भरली पेटी उचलली, मोठ्यानं हसू आलं की झालंच. सांगणार कोणाला? नवरा वामन होता तेव्हा त्याला सांगायची लाज वाटली. तो गेला, मग सांगायला कोणी उरलंच नाही. तिनं आपलं सगळं जगणं त्या एका गोष्टीच्या भोवती बेतून घेतलं. मंडीतली टोकाची जागा त्याच्यासाठीच होती. कुंपणाला फट होती अन् पलीकडं तुरीचं रान. सौंसरपासून सावनेरपर्यंत रस्त्याला कुठं आडोशाचं झाड आहे, कुठल्या नाल्याला उतार आहे, हे तिला तोंडपाठ होतं. पण बस काही तिच्यासाठी झाडाझाडापाशी थांबत नव्हती. म्हणून बस सुटली. बस सुटली तसं नागपूर सुटलं, सोयऱ्यांची लग्नं सुटली, आणि आता लेक सुटायची वेळ आली होती.

मंगला औरंगाबादला दिलेली. जावई मनोहर तिथल्या कॉलेजात कारकून होता, शिकलासवरला, स्वभावानं गरीब. नागपूरहून औरंगाबाद म्हणजे संध्याकाळी बसमध्ये बसायचं आणि सकाळी हाडं मोजत उतरायचं. लग्नाला सहा वर्षं झाली, नातू शाळेत जायला लागला, पण यमुनाबाईनं लेकीचा उंबरठा पाहिला नव्हता. बोलावणं आलं की कारण तयार असे. हंगाम आहे. पाय दुखतात. गाय व्यायली. गायीचं कारण एकाच वर्षात तिसऱ्यांदा आलं तेव्हा मंगलानं विचारलं, "आई, तुही गाय वर्षातून किती डाव व्याते व?"

गेल्या उन्हाळ्यात मंगला माहेरी आली होती. निघताना पिशवी खांद्याला लावून दारात थांबली. "आमी घर बांधून राहिलो. त्या घरात तू येशील, चार दिवस राहशील, तवाच मी तुह्या दारात पाय ठेवीन. नाही तं समज का लेक मेली."

"असं बोलू नये व माय."

"मंग कसं बोलू? सांग न."

यमुनाबाईला सांगता आलं नाही. दिवाळी आली अन् गेली. मंगला आली नाही. आईसारखीच ती, बोलली म्हणजे बोलली.

हे साल शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या आसपासचं. आंब्या बहाराची संत्री मंडीत यायला लागली होती. मनोहरचं कार्ड आलं. घर झालं. पौर्णिमेला बुद्धवंदना ठेवली आहे. आईंनी बसचा त्रास घेऊ नये, मी मोठ्या विमानाचं तिकीट काढून पाठवतो.

कार्ड सुनेनं वाचून दाखवलं. ही जयश्री, अनिलची बायको, नागपूरची. अनिल नोकरीला नागपुरात अन् ती सासूजवळ सौंसरात. तो दर रविवारी बसनं यायचा. ह्या रविवारी आला, कार्ड वाचलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"जावई टिकट पाठवते अन् पोरगा काय झोपला हाय काय?" तो म्हणाला. "आई, मी परमनंट झालो. मले मायबापासाठी पास भेटते. तू माह्या जहाजात जाशील."

अनिल ज्या कंपनीत होता तिची विमानं लहान. पंख्याची, अठरा माणसांची. त्याचं काम म्हणजे चाकापुढं लाकडी ठोकळे लावायचे, काढायचे, सामान चढवायचं आणि विमान पुसायचं. पण आपलं विमान म्हणताना त्याच्या आवाजात असा काही डौल यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, रात्री ते त्याच्याच गोठ्यात बांधलेलं असतं.

"दोहीत फरक काय हाय?" यमुनाबाईनं विचारलं.

"मोठं जहाज म्हणजे सारा दिखावा. गोळी देतेत, चहा देतेत, खाण्याचा डब्बा देतेत, नटलेली बाई हात जोडते. माह्या जहाजात फालतूचं काही नाही. समोर पायलट, मागं सामान, मधात माणसं, खतम. सव्वा घंट्याची तं बात हाय. तेवढ्यात चहा नाही पेला तं माणूस मरते काय?"

"अन् बाकी सोय?"

"कोणती सोय?"

यमुनाबाईनं पदर सारखा केला. "म्हणजे, अशीच. माणसाची."

"मोठ्यात तं मागं संडासबी हाय," अनिल हसत सुटला. "आता सांग, आभाळात गेल्यावर कोणाले लागते व?"

जयश्री चुलीपुढं भाकर थापत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. यमुनाबाईला काही ते दिसलं नाही. तिला दिसत होती ती अठरा माणसं, त्यातली बहुतेक बाप्ये, अन् मधात आपण.

तिनं कारणं काढायला सुरुवात केली. पहिलं कारण सामानाचं. लेकीच्या नव्या घरी रिकाम्या हातानं जाता येत नाही, दोन पेट्या संत्री न्यायची आहेत, तुह्या लहान जहाजात त्या बसायच्या नाहीत. अनिल म्हणाला, "पेट्या मी आदल्या दिवशीच चढवून देतो. पायलट माह्या वळखीचा हाय." दुसऱ्या रविवारी तिनं भीतीचं काढलं. तो म्हणाला, "ज्या जहाजाची चाकं तुह्या पोरानं पाह्यली, त्यात भ्याचं काहून?" तिसऱ्या खेपेला तिनं सांगितलं की मले मळमळते. पुढच्या फेरीला तो मळमळीच्या गोळ्या घेऊन आला आणि वर दोन लिंबं.

पोरगा नालायक असता तर सोपं होतं. हा इतका लायक निघाला की तिला पळायला वाट राहू देईना.

मंडीत तोवर दोन तट पडले होते. लीलाबाई पोराच्या बाजूची. "पोराचा पास सोडून जावयाच्या टिकटावर जाशील तं लोक काय म्हणतीन? लेकीकडचं घ्यावं काय मायनं?" सुधा नावाची एक तरणी बाई रांगेत नवी होती. तीन लेकरांची माय, पण जीभ पोरीसारखी चालायची. ती जावयाच्या बाजूची. "जावई सोन्यासारखा भेटला तं त्याले नाही म्हणता? अन् त्या लहान जहाजात म्हणे माणसाले काट्यावर तोलतेत. आपल्या पेटीसारखं!"

"मंग लीलाबाई गेली तं जहाज एका अंगाले झुकंल," कोणीतरी बोललं.

"मी गेली तं बाकीच्यायले बसूच नाही देत. एकटीच जातो राणीवानी."

रांग हसली. पोराचं की जावयाचं, मान कोणाचा राखायचा, ह्यावर दुपारभर खल चालला. यमुनाबाई मानापानाच्या फंदात अडकली आहे असंच त्या सगळ्यांना वाटत होतं, आणि तिनं ते तसंच वाटू दिलं. लेकीनं तोंड पाहायचं सोडलं तर तिला सहन होण्यासारखं नव्हतं. आणि त्या विमानात चार लोकांत लुगडं ओलं झालं, विमान नागपूरला परतल्यावर आपल्याच पोराला ते सीट पुसावं लागलं, तर तिला जगता येण्यासारखं नव्हतं.

शेवटी तिनं मनाशी ठरवलं. पोराचं मन मोडायचं नाही. लहान विमानानंच जायचं, आदल्या सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आत जुन्या लुगड्याची जाड घडी बांधायची, आणि सव्वा तास धरून बसायचं. धरता येतं की नाही ते आधी पाहून घेतलेलं बरं.

म्हणून एका दुपारी, जयश्री आत कामात आहे असं पाहून, यमुनाबाई मागच्या अंगणात संत्र्याची रिकामी पेटी पालथी घालून तिच्यावर बसली. समोर ओट्यावर घरातलं गजराचं घड्याळ ठेवलं. पाय जुळवले. हात मांडीवर ठेवले. विमानात बसलेली बाई कशी बसत असेल ते तिला माहीत नव्हतं, पण ती हलत नसावी असा तिचा अंदाज होता.

काटा सरकेना. शेजारची कोंबडी येऊन तिच्या पायाचं बोट टोचून पाहू लागली. तिनं तिला हाकललं नाही. हाकलायला वाकावं लागलं असतं. अर्धा तास असा गेला आणि तिला जरा धीर आला. तेवढ्यात घरातून हिरव्या मिरच्या भाजल्याचा धूर आला. जयश्रीनं ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या होत्या. यमुनाबाईच्या नाकात तो खकाणा गेला. तिनं नाक दाबलं, डोळे मिटले. पहिली शिंक तिनं गिळली. दुसरी गिळता आली नाही, अन् तिच्या पाठोपाठ आणखी चार आल्या.

ती पेटीवरून उठली नाही. उठण्यात आता काही राहिलं नव्हतं.

जयश्री दारात येऊन उभी राहिली. तिनं घड्याळ पाहिलं, पालथी पेटी पाहिली, सासूचा चेहरा पाहिला. मग आत गेली, धुतलेलं लुगडं आणलं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं.

"आई, कवापासून हाय हे?"

"काय कवापासून?"

"जे हाय थे."

यमुनाबाई चिडली. चिडणं तिला जमत असे. "तुले कोणं सांगतलं?"

"सांगाले कायले लागते? चार वर्षांपासून ह्या घरात लुगडे कोण धुते?"

यमुनाबाईला एकदम न्हाणीजवळची बादली आठवली. ही पोरगी रोज संध्याकाळी न्हाणीच्या दाराशी भरली बादली ठेवायची, वर तांब्या, वर घडी केलेलं फडकं. यमुनाबाई त्या बादलीवरून तिला रोज बोलायची. मायनं शिकवलं नाही, भांडं जागेवर ठेवत नाही, वाटंत बादली ठेवते, पाडशील कोणाले. आणि त्याच बादलीतलं पाणी पहाटे अंधारात, कोणी उठायच्या आत, ती आपल्या कामाला वापरायची.

"थे बादली तू..."

"तुमाले विहिरीवर जा लागू नये म्हणून."

"मंग मी बोलत होती तवा सांगाचं न व!"

"सांगतलं असतं तं तुमी बादलीच उचलून फेकली असती," जयश्री म्हणाली. "आता उठा, लुगडं बदला. मिरच्या जळून राहिल्या."

चार वर्षं ही पोरगी रोज शिव्या खात होती आणि रोज बादली भरत होती. यमुनाबाईनं लुगडं बदललं. मग चुलीपाशी जाऊन बसली आणि जयश्रीच्या हातचा पाटा-वरवंटा ओढून घेतला. "सरक. ठेचा मी वाटतो." ह्यापेक्षा मोठं काही तिला बोलता आलं नाही, आणि जयश्रीला ते पुरलं.

रविवारी अनिल आला. पास खिशातून काढून त्यानं ताटाशेजारी ठेवला. यमुनाबाईनं सुनेला डोळ्यानं दटावलं होतं की ह्याला काही सांगायचं नाही. जयश्रीनं ते दटावणं पाहिलं आणि वाढता वाढता सरळ सांगून टाकलं.

"आईले लघवी धरत नाही. तुमच्या जहाजात संडास नाही. एवढीच बात हाय. पेट्या नाही, भेव नाही, मळमळबी नाही."

अनिलचा घास हातातच राहिला. तो ताटाकडं पाहत बसला. यमुनाबाई भिंतीकडं पाहत बसली. जयश्रीनं आमटी वाढली, कोणी मागितली नव्हती तरी.

"मंग आधी काहून नाही सांगतलं व आई?" तो म्हणाला.

"तुले काय सांगू? तुह्याच पायी तं झालं. असं मोठं डोक्सं घेऊन आला होता."

अनिलनं नकळत डोक्याला हात लावला. जयश्रीला हसू फुटलं. अनिलला हसावं की रडावं कळेना, मग तोही हसला. आणि मग यमुनाबाई हसली. किती वर्षांचं साचलेलं ते हसणं एकदम वर आलं, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि अर्थातच व्हायचं ते झालं. ती हसत हसतच न्हाणीकडं पळाली. आज पहिल्यांदा घरातल्या दोघांना ती का पळाली ते माहीत होतं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

परत आली तेव्हा पास ताटाशेजारी नव्हता, अनिलनं तो खिशात ठेवला होता. "भाऊजींले सांगतो टिकट पाठवाले," तो म्हणाला. "मोठ्या जहाजात मागून दुसरी लाईन घ्याची, वाटेच्या बाजूची. संडास मागंच असते. मी बोलून ठेवतो."

त्याला काय गिळावं लागलं ते यमुनाबाईला विमानतळावर कळलं. जयश्री तिला बसनं नागपूरला घेऊन आली. सातनूरच्या पुढं तिनं कंडक्टरला बिनधास्त सांगितलं, "भाऊ, दोन मिनिट थांबव, आईले जाचं हाय," आणि तो चक्क थांबला. इतकं सोपं असतं हे यमुनाबाईला ठाऊकच नव्हतं. विमानतळावर अनिल आपल्या कंपनीच्या खाकी कपड्यात आला आणि हातात पिशवी घेऊन मोठ्या विमानाच्या तिकीट खिडकीपाशी गेला. तिथली पोरं त्याला ओळखत होती.

"काय बे अनिल? तुह्या डब्यात तुही माय नाही बसत काय?"

"नाही बसत," अनिल म्हणाला. "मायले जागा मोठी लागते. मागून दुसरी लाईन दे, वाटेजवळची. अन् आतल्या बाईले सांगून ठेव."

पोरं आणखी काहीतरी बोलली. तो नुसता हसला. यमुनाबाई चार हातांवर उभी होती, तिनं सगळं ऐकलं. पोरगा परत आल्यावर तिनं त्याच्या कॉलरवरचा काळा डाग पदरानं पुसला. तो ग्रीसचा होता, निघाला नाही.

विमानात एक उंच पोरगी तबक घेऊन आली. तबकात गोळ्या होत्या आणि कापसाचे बोळे. गोळी चघळायची अन् कापूस कानात घालायचा, असं शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं. यमुनाबाईनं गोळी तोंडात टाकली. कापूस मात्र तिनं आधी चिमटीत धरून ओढून पाहिला, धागा किती लांब निघतो ते.

"आखूड हाय," ती गृहस्थांना म्हणाली. "आमच्या पांढुर्ण्याकडचा नाही. असल्या कापसाले आमी गादीत भरतो."

गृहस्थांनी आपल्या कानातला बोळा काढून पाहिला.

विमान वर गेलं. पोटात खड्डा पडला, पण धरलं. पट्टा बांधायचा वरचा दिवा विझला तशी ती उंच पोरगी वाकून हळूच म्हणाली, "माताजी, चलिए, मैं दिखा दूँ." दार कसं दुमडतं ते दाखवलं, कडी दाखवली आणि दाराबाहेर थांबली. आत जागा पेटीएवढीच. पण दार लागत होतं. यमुनाबाईला खरं तर लागलेलं नव्हतं. ती आत नुसती उभी राहिली, भिंतीला हात लावून. बाहेर कोणी खोळंबलं नव्हतं, कोणी हाका मारत नव्हतं, झाड शोधायचं नव्हतं. मग आलोच आहोत तर म्हणून ती बसली. उठल्यावर खटका दाबला तर असा काही आवाज झाला की तिला वाटलं विमानाचं बूडच गेलं. बाहेर आली तर सगळे जागच्या जागी.

जागेवर बसल्यावर त्या पोरीनं विचारलं, "पानी लेंगी?"

घरातून निघाल्यापासून तिनं ओठ ओले केले नव्हते. सवयच ती. "दे," ती म्हणाली. एक पेला प्याली. दुसरा मागितला. मग चहा घेतला. डब्यातला काकडी घातलेला पाव तिला फिका वाटला, पण तिनं तो संपवला. केकचा तुकडा नातवासाठी पदरात बांधला. उतरायच्या आधी ती आणखी दोनदा मागं जाऊन आली, दुसऱ्यांदा गरज म्हणून आणि तिसऱ्यांदा केवळ हौस म्हणून. दारात ती उंच पोरगी हात जोडून उभी होती. यमुनाबाईनं तिचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. "तुह्यं भलं होवो व बाई," ती म्हणाली. पोरीला वऱ्हाडी किती कळली कोण जाणे. ती हात सोडवून न घेता उभी राहिली, मागची माणसं थांबली होती तरी.

बाहेर मंगला नातवाचं बोट धरून उभी होती. तोंड फुगवलेलंच.

"सापडला व शेवटी रस्ता?"

"सापडला. वरतून होता."

नव्या घरात वंदना झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मनोहर कॉलेजात गेल्यावर, यमुनाबाईनं लेकीला सगळं सांगितलं. गायीचं, बसचं, दीक्षाभूमीचं. मंगला ऐकत राहिली आणि मग भडकली. "सहा वर्षं व आई! मी शेजारणीयले सांगत फिरली का माह्या मायले माही याद नाही. एक डाव बोलली असती तं!" मग तिनं डोळे पुसले, पायात चपला घातल्या. "चाल. आताच चाल."

डॉक्टरीणबाई वयस्कर होती. तिनं तपासलं, आतून आधाराला रबराचं एक कडं बसवून दिलं, काही व्यायाम शिकवले, आणि अशा बाया आठवड्याला दहा येतात, पण फार उशिरा येतात, असं सांगितलं. यमुनाबाईला त्या दहा बायांचं फार नवल वाटलं. आपण एकटीच आहोत असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

चार दिवसांसाठी आलेली ती पंधरा दिवस राहिली. परत निघायची वेळ आली तेव्हा तिनं अनिलला निरोप धाडला की तुह्या जहाजाचा पास आता चालते. ती लहान विमानानं आली. काट्यावर तोलली गेली, पायलटची पाठ पाहिली, कानात पंखे घोंघावले. चहा नव्हता, गोळी नव्हती, दार लागणारी खोलीही नव्हती. खाली ठोकळे घेऊन उभा असलेला अनिल तिला काचेतून दिसला. तिनं हात केला. त्याचे दोन्ही हात भरलेले होते, म्हणून त्यानं ठोकळाच वर करून दाखवला.

मंडीत ती आली तेव्हा बाया वाटच पाहत होत्या.

"सांग व आता," लीलाबाई म्हणाली. "दोहीत बसून आली तू. कोणतं चांगलं? पोराचं का जावयाचं?"

पोराची तारीफ करावी की जावयाची, ह्याचं गुळगुळीत उत्तर यमुनाबाईनं बसमध्ये तयार केलं होतं. ते तिच्या तोंडातून निघालंच नाही.

"ज्याले गरज हाय त्यानं संडासवालं घ्यावं. मले गरज होती."

"म्हणजे?"

"म्हणजे मले लघवी धरत नव्हती. पंचवीस वर्षं. म्हणून तुमच्या लग्नाले नाही आली, म्हणून कुंपणापाशी बसत होती. तुमाले वाटलं अकड हाय."

मुकादम पेट्या मोजत जवळच उभा होता. तो मोजणी सोडून लांब निघून गेला. बायांनी हातातली संत्री खाली ठेवली, मग त्या हसल्या, मग लीलाबाई म्हणाली, "अव माय, अन् मी तुले गर्वाची समजून चार गावात बदनाम केलं!" आणि यमुनाबाई सगळ्यांबरोबर हसली, मोकळी, मांडी घातलेली.

सुधा तेवढी हसली नाही. दुपारच्या सुट्टीत ती आपली भाकर घेऊन रांगेच्या टोकाला आली. थोडा वेळ नुसती तुकडे मोडत बसली.

"यमुनाबाई, तशी डॉक्टरीण नागपुरात नाही भेटत काय?"

यमुनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. "माह्या सुनेले माहीत अशीन. थे नागपूरची हाय. संध्याकाळी घरी ये. तिच्यापाशी लाजू नोको, तिले सारं आधीच समजते."

संध्याकाळी सुधा आली. तिच्या मागून लीलाबाई आली, मी सहजच आली म्हणत. मग आणखी एक. जयश्रीनं तिघींपुरता चहा ठेवला होता. तो उतरवून तिला मोठं भांडं काढावं लागलं.